कापसाच्या मुलखातून बर्फाच्या उतारावर

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना शिवून आला तरी ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही, त्या उन्हातही जो उपरण्याचे टोक कानांवर ओढून बाजाराला जातो आणि लिंबाच्या सावलीत टेकल्यावर पाण्याआधी गरम चहा मागतो, तो जळगाव-धुळ्याकडील माणूस थंडीपुढे मात्र चटकन नमतो. हा केवळ सवयीचा प्रश्न नव्हे. गहू-हरभऱ्याला थंडी मानवते हे खरे. पण रावेर-यावलकडच्या केळीवाल्याच्या जमाखर्चात ती निरपवादपणे खर्चाच्याच बाजूला मांडलेली असते. तापमान दहा-बारा अंशांखाली उतरले की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, ऐन निसवणीतल्या झाडांचे घड पोग्यातच अडकतात, आणि याला तिकडे ‘चरका’ असा एकच खरमरीत शब्द आहे. खानदेशाच्या हद्दीत बर्फासारखे काही दिसायचेच असेल, तर ते सातपुड्यातील डाब-मोलगीच्या परिसरात एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावर गोठलेल्या दवाच्या रूपाने दिसते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्याचे छायाचित्र झळकते, आणि सूर्य हातभर वर येतो न येतो तोच तो सगळा ऐवज विरघळून गेलेला असतो.

अशा मुलखातील आम्ही पाच मित्र, ज्यांपैकी एकानेही चाळिशी ओलांडण्यापूर्वी आकाशातून पडलेले हिम डोळ्यांनी पाहिले नव्हते, एका माघ महिन्यात गुलमर्गला जाऊन पायांना फळ्या बांधून घेण्याचा बेत करतो, ही गोष्ट आमच्या घरच्या मंडळींना विनोदी वाटली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. आमच्यात एक केळी-बागायतदार होता, एक साक्रीकडचा शाळामास्तर, एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, एक बँकेतला कारकून आणि पाचवा मी. बेताचा मूळ धनी मास्तर. ‘भाऊ, आयुष्यभर बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर,’ असे तो म्हणाला, आणि या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरोखरच, आमच्या पिढीचा बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून सायकलीवर आलेली कारखान्यातली लादी. मराठी भाषेनेही या बाबतीत फारशी उधळपट्टी केलेली नाही. फारसीतून आलेला ‘बर्फ’ हा एकच शब्द पेल्यातल्या खड्यालाही आणि पर्वतावरच्या पांढऱ्या भुग्यालाही आपण वापरतो, आणि संस्कृतातला ‘हिम’ कवितेपुरता राखून ठेवतो. काश्मीरी माणूस पडणाऱ्या हिमाला ‘शीन’ म्हणतो. पुढे या लेखात मी बर्फ म्हणेन तेव्हा वाचकांनी लादी विसरावी आणि नुकतीच पिंजलेली, अजून गाठोडे न बांधलेली रुई डोळ्यांसमोर आणावी; आपल्याकडच्या माणसाला याहून नेमकी उपमा सापडणार नाही.

आम्ही निघालो झेलम एक्सप्रेसने. पुण्याहून जम्मू तावीला जाणारी ही गाडी जळगाव-भुसावळवरून जात असल्यामुळे खानदेशाचा आणि काश्मीरचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे. तिच्यातून सुट्टीवरून परतणारे जवान जातात, वैष्णोदेवीचे यात्रेकरू जातात, आणि याच लोहमार्गाने रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या बाजारात पोहोचते. जम्मूच्या पुढे आम्हांला घाटांतून मोटारीने जावे लागले. 6 जून 2025 रोजी कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाल्यापासून, आणि ती नदीपात्रापासून 359 मीटर उंचीच्या चिनाब पुलावरून जात असल्यामुळे, हा टप्पा आता सुकर आणि प्रेक्षणीयही झाला आहे. श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर, म्हणजे तंगमर्गपासून वरचा चढ, हिवाळ्यात चाकांना साखळ्या बांधल्याखेरीज वाहनाने करू नये असा तेथील शिरस्ता आहे, आणि तो मोडण्याची इच्छा पहिल्याच वळणावर नाहीशी होते.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. जळगाव जेमतेम दोनशे मीटर. हा फरक पहिल्या रात्री झोपेत कळतो, कारण मधूनच श्वास अपुरा पडून जाग येते. मूळचे गौरीमार्ग हे नाव बदलून सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने ते फुलांच्या कुरणाचे केले, अशी समजूत आहे. उन्हाळ्यात ते नाव सार्थ असेलही. हिवाळ्यात तेथे फुलांचा मागमूस नसतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये येथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये लष्कराने हिमयुद्धाच्या शिक्षणाचे केंद्र येथेच सुरू केले. 1968 मध्ये केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आली. आणि 1998 मध्ये दोरमार्गाचा, म्हणजे ज्याला तेथे सगळे ‘गंडोला’ म्हणतात त्याचा, कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा 2005 पासून अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. 2020 पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही येथे भरू लागल्या. साहेबाच्या करमणुकीची जागा, मग लष्कराची गरज, मग सरकारी खाते आणि अखेर सामान्य प्रवाशाची चैन, हा क्रम आपल्याकडील बहुतेक थंड हवेच्या ठिकाणांचा आहे. गुलमर्ग त्याला अपवाद नाही.

पहिल्याच सकाळी आमच्या अभिमानाला एक सौम्य धक्का बसला. खानदेश म्हणजे कापसाचे आगर. आम्ही सारे शुद्ध सुती बनियन, सुती पायजमे आणि त्यांवर स्वेटर अशा जामानिम्यात सज्ज होऊन शिक्षकापुढे रुजू झालो. त्या तरुण काश्मीरी शिक्षकाने माझ्या बाहीचे कापड चिमटीत धरून पाहिले आणि अतिशय अदबीने सांगितले की, हे सगळे काढून या. कापूस घाम शोषतो आणि धरून ठेवतो. चढताना भिजलेले सुती वस्त्र थांबल्याबरोबर अंगावर थंडगार पडते आणि शरीरातली ऊब ओढून घेते. अंगालगत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे कापड, त्यावर ऊब धरणारा जाड थर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा अंगरखा, अशी तीन थरांची तजवीज असावी लागते. ज्या पिकावर आमच्या जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्याच पिकाला हिमाच्या दरबारात प्रवेशबंदी असावी, हे ऐकून बागायतदाराला मात्र गुदगुल्या झाल्या. तो केळीचा माणूस.

स्कीचे बूट हा एक स्वतंत्र अध्याय आहे. कठीण प्लॅस्टिकचे ते कवच पायात चढवायला जीभ पुढे ओढून टाच जोराने खाली आपटावी लागते, मग चार कड्या एकेक करून आवळायच्या, आणि आवळून झाल्यावर मनुष्य सरळ उभा राहूच शकत नाही. घोटा पुढे झुकलेल्या अवस्थेत जखडला जातो. या बुटांनी चालताना टाच आधी टेकवावी लागते, त्यामुळे प्रत्येक जण नाटकातल्या राक्षसासारखा दिसतो. नंतर फळी बर्फावर ठेवून बुटाचे टोक तिच्या पकडीत अडकवायचे आणि टाच दाबायची. खट् असा आवाज येतो. त्या क्षणापासून पृथ्वीचा आणि आपला करार बदललेला असतो.

‘स्की’ हा नॉर्वेजियन शब्द मूळचा चिरलेल्या लाकडाच्या फळीचा वाचक. उत्तर युरोपात सापडलेल्या काही फळ्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे हा खेळ होण्यापूर्वी कित्येक सहस्रके ती शिकाऱ्याची आणि गुराख्याची निकड होती. तिचा खेळ केला तो एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताने. तेथील सोंद्रे नॉरहाइम या गरीब कुळवाड्याने वळलेल्या पट्ट्यांनी टाचही बांधून घेण्याची युक्ती काढली आणि त्यामुळे फळीला वळवणे शक्य झाले. 1888 मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेनने फळ्यांवरून ग्रीनलंड आडवे ओलांडले, आणि त्या प्रवासाच्या बोलबाल्यानंतर आल्प्स पर्वतातील गावांनी हा छंद उचलला. 1924 मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. भारताचा झेंडा त्या मेळ्यात प्रथम दिसला तो 1964 मध्ये, जेरेमी बुजाकोव्स्की यांच्यामुळे. आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता तो तंगमर्गचा आरिफ खान, ज्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान होते. त्याने जायंट स्लॅलम शर्यतीत पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला. हा आकडा ऐकून बँकेतला मित्र किंचित हसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचे हसणे बंद झाले होते.

कारण उतारावर उभे राहिल्यावर पहिला धडा मिळतो तो धावण्याचा नव्हे, थांबण्याचा. फळ्यांची टोके जवळ, टाचा दूर, गुडघे वाकलेले आणि दोन्ही आतल्या पोलादी कडा बर्फात रुतवलेल्या, अशी नांगरासारखी आकृती करायची. टाचा जितक्या फाकवाल तितका वेग कमी. तेथील शिक्षक या आकृतीला खुशाल पिझ्झा म्हणतात. मास्तर पहिल्याच उतारावर सरळ सुटला. मागून शिक्षक ‘पिझ्झा, साहब, पिझ्झा!’ असा टाहो फोडीत होता आणि पुढून, उत्तरोत्तर क्षीण होत गेलेला, धुळ्याच्या अहिराणीतला आर्त प्रश्न ऐकू येत होता: ‘भो, आते थांबू कसा?’ बर्फाच्या एका ढिगाने त्याला उत्तर दिले.

आमचा प्राध्यापक या प्रसंगाने विचारमग्न झाला आणि संध्याकाळी बुखारीशेजारी, म्हणजे तेथील लाकडाच्या शेगडीशेजारी, बसून त्याने आम्हांला त्याची मीमांसा ऐकवली. बर्फाच्या पृष्ठभागावरचे कण वितळण्याच्या अंशाच्या पुष्कळ खालीही पुरते घट्ट बांधलेले नसतात, त्यात फळीच्या घर्षणाने उष्णता निर्माण होऊन पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा बनतो, आणि आपण घसरतो ते वस्तुतः त्या पापुद्र्यावरून. नवशिक्याचे संकट मात्र पाण्याने नव्हे, भीतीने ओढवते. वेग वाढला की तो मागे रेलतो. मागे रेलला की भार टाचांवर जाऊन फळ्यांची पुढची टोके हलकी होतात, ती वळेनाशी होतात, आणि ज्या वेगाला भिऊन तो मागे झुकला तोच दुप्पट होतो. दरीकडे छाती करून पुढे झुकावे, तरच ताबा राहतो. डावीकडे वळायचे तर उजव्या पायावर भार द्यायचा, उजवीकडे तर डाव्या. पडलात तर आधी फळ्या उताराला आडव्या करायच्या, शरीराच्या खालच्या अंगाला आणायच्या, आणि मगच उठायचे. उभ्या फळ्यांवर उठू पाहणारा मनुष्य उठता उठताच पुन्हा प्रवासाला निघतो. हे सारे मी लिहितो आहे तितके सोपे नाही. चौथ्या दिवशी मी गोल्फच्या मैदानालगतचा नवशिक्यांचा उतार न पडता उतरलो आणि थांबलो, तेव्हा पाहायला कोणीही नव्हते.

स्कीविषयी मला आदर आहे. प्रेम जडले ते मात्र स्नोशूवर. या वस्तूला मराठीत नाव नसल्यामुळे मी तिला बर्फखडावा म्हणेन. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी अॅश झाडाचे लाकूड वाफवून, वाकवून, त्यात कच्च्या चामड्याची जाळी विणून केलेल्या या खडावा हरणामागे दिवसचे दिवस जाण्यासाठी होत्या. आताच्या खडावांना अॅल्युमिनियमची चौकट असते, मध्ये चिवट कापड ताणलेले, खाली धातूचे दात, आणि बूट फक्त चवड्यापाशी बांधलेला असल्यामुळे टाच मोकळी उचलते. तत्त्व इतके साधे आहे की ते आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तापीकाठच्या काळ्या रानात झडीच्या पावसानंतर जो एकदा पोटरीपर्यंत रुतला आहे, आणि मग फळकुट टाकून त्यावरून पलीकडे गेला आहे, त्याला बर्फखडावा कळली. मनुष्याचे वजन तेच राहते. पण बुटाच्या तळव्याच्या चार-पाच पट क्षेत्रावर ते विभागले गेल्यामुळे जिथे साधा बूट मांडीपर्यंत जाईल तिथे खडावा वीतभर दबून थांबते. पावले किंचित फाकवून टाकायची, एका खडावेवर दुसरी पडू द्यायची नाही, आणि मागे मागे कधीही चालायचे नाही. एवढ्यावर शिक्षण संपते.

आणि चालणे तर आमच्या रक्तातच आहे. चैत्रात धुळे-जळगावकडून सप्तशृंगीच्या गडाला उन्हातान्हात पायी निघणाऱ्या माणसांच्या मुलखाला फळीवरून सुसाटणाऱ्या वाहनापेक्षा ही पदयात्रीची पादुका अधिक मानवावी, यात नवल नाही. आम्ही एक स्थानिक वाटाड्या घेऊन सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलात शिरलो. रात्री गुडघाभर बर्फ पडला होता. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे दहा पावलांवरच्या मित्राची हाकही बोळा घातलेल्या भांड्यातून आल्यासारखी वाटत होती. एका ठिकाणी कोल्ह्याच्या पावलांची सरळ, सुईने टाका घातल्यासारखी ओळ होती. बागायतदार तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला, दाबून पाहिला, जणू मातीचा वाफसा तपासावा तसा, आणि म्हणाला, ‘याच्यात ओल आहे बुवा. हा चार दिवसांनी आपल्याकडे वारा पाठवील.’ आम्ही हसलो.

वाटाड्याने एक गोष्ट बजावून सांगितली, ती येथे नमूद करतो. मोठ्या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांच्या आडोशामुळे, बर्फ पोकळ राहतो. तेथे पडलेला मनुष्य विहिरीत पडल्यासारखा अडकतो. उघड्या उतारांवर भय हिमस्खलनाचे. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस त्याहूनही. म्हणून आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्याजवळ संदेश देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असावे, आणि त्या सकाळी गस्तीच्या पथकाने काय सांगितले आहे याची चौकशी झालेली असावी. काळा चष्मा चैनीचा नाही; ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो, आणि उघड्या डोळ्यांनी दिवस काढणाऱ्याचे डोळे रात्री वाळू घातल्यासारखे खुपतात. आमच्यातील एकाने हे ऐकले नाही. तो एक दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता, तो मीच.

काश्मीरला जाणे ज्यांना जमत नसेल त्यांना उत्तराखंडात जोशीमठाच्या वर औली आहे, जेथे 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांचा काही भाग झाला आणि जेथून नंदादेवी समोर दिसते. मनालीला पर्वतारोहण संस्थेचे स्कीचे वर्ग आहेत. या सर्व ठिकाणी सरकारी संस्थांचे अभ्यासवर्ग खासगी शिकवणीपेक्षा स्वस्त आणि शिस्तीचे असतात, मात्र त्यांचे अर्ज कित्येक महिने आधी करावे लागतात. हंगाम जानेवारी ते मार्चच्या प्रारंभापर्यंतचा. काश्मीरात 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात; ती खरी कडाक्याची चाळिशी. तथापि हिमाची हमी कोणी देत नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे, तपकिरी पडले होते आणि दूरदूरचे प्रवासी खाली मान घालून परतले. निघण्यापूर्वी दोन महिने गुडघ्यांची आणि मांड्यांची तयारी हवी. आम्ही ती शहाद्याहून तोरणमाळच्या घाटात केली. सुमारे 1,150 मीटर उंचीच्या त्या पठारावर यशवंत तलावाकाठी डिसेंबरातल्या पहाटे जी थंडी वाजते, तिला मी पूर्वी कडाक्याची म्हणत असे.

परतीच्या वाटेवर प्राध्यापकाने बागायतदाराच्या त्या उद्गाराची रुजुवात घातली. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर आपटून हिम टाकतात. झंझावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे मैदानात उतरतात आणि नर्मदा-तापी ओलांडून खानदेशात येतात. म्हणजे गुलमर्गच्या जंगलात ज्याने आमच्या खडावांखाली गुडघाभर रुई अंथरली, त्याच्याच पाठोपाठचा गार वारा आता आमच्या मागोमाग दक्षिणेला निघाला होता. आम्ही आणि तो एकाच रात्री जळगावला पोहोचलो. फलाटावर उतरताच तोंडातून वाफ निघाली. बागायतदाराने तीन थरांचे ते कपडे अंगावर तसेच ठेवले, घरी फक्त निरोप पाठवला आणि स्टेशनावरूनच रावेरचा रस्ता धरला. निसवणीच्या बागेला पाणी सोडायचे होते आणि पहाटेपर्यंत बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर धरायचा होता.